अडुसष्ट अंश

वाडीच्या नाक्यापुढे, ट्रान्सपोर्टच्या रांगा संपतात तिथे
चांडक शेठचं गोदाम. थिनर, टर्पेंटाइन, वॉर्निशचे ड्रम,
आणि एका कोपऱ्यात, कधी आली कुणाला आठवत नाही,
ब्लीचिंग पावडरची चाळीस पोती.
मी इथली स्टोअरकीपर, रंजना पौनीकर.
सही माझी असते.

जानेवारीत एकदा, जुलैत एकदा
एजन्सीकडून फॉर्म येतो, टाइप होऊनच.
यंत्रणा सुस्थितीत आहे.
सहा वर्षं ती सुस्थितीत होती,
मी मान वर न करता.

यंदा आल्या फायर ऑफिसच्या खोब्रागडे मॅडम.
मे महिना. बाहेर सत्तेचाळीस.
त्यांनी कागद मागितला नाही,
शिडी मागितली.
वर जाऊन पत्र्याला हात लावला, झटक्यात काढला.
"इथं छताशी किती असेल?"
असेल पन्नास-पंचावन्न, मी म्हटलं.
"साठ आहे. आणि तुमचा हा लाल बल्ब
फुटतो अडुसष्टला."

तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला.
एवढीशी काचेची नळी, पेन्सिलीच्या शिसासारखी,
आत कुंकवाचं पाणी भरल्यागत लाल,
आणि सगळ्या पाइपांनी
तिच्या भरवशावर दाबून धरलेला श्वास.
आठ अंशांचं अंतर
आमच्या उन्हाळ्यात आणि आगीत.
"हिरवा लावा, त्र्याण्णवचा," त्या उतरता उतरता म्हणाल्या,
"नागपूरचं ऊन कुठलं आणि आग कुठली
एवढं तरी कळलं पाहिजे काचेला."

मग टेस्टिंगचा कॉक उघडला.
एक शिंक. थोडी हवा.
बस.

पन्नास हजार लिटरची टाकी, कोरडी ठणठणीत.
माझ्या सहीनं दर सहा महिन्यांनी भरलेली.

पाणी कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक होतं.
कूलरमध्ये. हमालांच्या आंघोळीला.
उईके, रातचा चौकीदार, लपवायच्या भानगडीत पडला नाही:
"आग लागन तवा लागन, बाई.
आमी त रोजच जळून राह्यलो."

मॅडमनी नोटीस लिहिली. तीस दिवस.
छापील ओळींच्या खाली एक ओळ पेनानं:
माणसांसाठी वेगळी टाकी.

शेठ नेमका त्या ओळीवर अडला.
"हे कोणत्या कायद्यात आहे?"
नसेल, मी म्हटलं. मग माझी सहीपण नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
दाराचं कुलूप बोलायला लागावं तसं.

मोमिनपुऱ्याचा अश्फाक फिटर तीन दिवस छताला लटकून होता.
ब्लीचिंग पावडर गेली विटांच्या भिंतीपलीकडे,
थिनरशी एका घरात न नांदणाऱ्या जावेसारखी.
बल्बांखाली दीड हात मोकळं सोडायचं, म्हणून
वरची थप्पी उतरली, दोन ट्रक माल बाहेर गेला.
शेठ वर बघत म्हणाला,
"म्हणजे आता मी हवेचं भाडं भरायचं."
हो, शेठ.

दुसऱ्यांदा कॉक उघडला तेव्हा आधी आलं काळं,
डांबरासारखं, कुबट, किती वर्षांचं कोण जाणे,
मग गंजाचं, चहासारखं,
आणि मग एकदम स्वच्छ, इतक्या जोरात
की उईकेनं ओंजळ धरली ती उधळून गेली.
तो हसला. नव्या टाकीवर जाऊन तोंड धुतलं.

आता रोज सकाळी मी रांगेरांगेतून फिरते, मान वर करून.
मान दुखते हल्ली.
तिसऱ्या रांगेत, पाइपावर, दोन हिरव्या बल्बांच्या मधोमध
उईकेचा बनियन वाळत असतो.
मी काठीनं काढते, घडी घालून त्याच्या स्टुलावर ठेवते.
तो काही बोलत नाही, मीही नाही.
दुसऱ्या दिवशी बनियन परत वर.

जुलैचा फॉर्म आलाय. टाइप होऊनच.
सुस्थितीत आहे, म्हणतो.
सहीचा चौकोन मी कोराच ठेवलाय आज.
बनियन अजून वरच आहे.